आधीच वाटलेला गूळ

नानीबाई राठोड म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणते. जवळा बाजारहून औंढ्याकडं जाताना सडक सोडून आत वळलं की आमचा बंजाऱ्यांचा तांडा लागतो. याडीचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. नवरा लवकर वारला. दोन लेकरं पाठीशी बांधून तिनं लोकांचा कापूस वेचला, पण कुणाच्या दारात हात पसरून उभी राहिली नाही. थोरला देविदास, म्हणजे आमचे हे, वसमतच्या डेपोत कंडक्टर झाले. धाकटा मोहनसिंग शाळेसाठी आमच्याकडं वसमतला राहिला. माझ्या हातची भाकर खाऊन तो मोठा झाला, म्हणून दीर असला तरी मला लेकराच्या जागी.

मोहनसिंगची निवड झाली ते १९९३ साल. खडकवासल्याला तीन वर्षं, मग डेहराडूनला एक वर्ष, आणि तिथून पुढं फौजेत ऑफिसर. त्याच्या मास्तरांनी आम्हाला हे नीट सांगितलं होतं. पण याडीनं ऐकलं ते एकच, पोरगं ऑफिसर होणार.

आमच्यात सगाईला गूळ खातात. नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात पंचांसमोर ढेप फुटली, सगळ्यांनी खडा तोंडात टाकला, की सोयरीक पक्की. लग्न मग दोन वर्षांनी होवो, पोरगी त्या दिवसापासून त्या घरची. खाल्लेला गूळ परत फिरत नाही असं जुने लोक म्हणतात. याडीनं त्याच रीतीनं ढेप डोक्यावर घेतली आणि अमरसिंग नाईकाच्या दारात जाऊन फोडली. माझं पोरगं आज सरकारला दिलं, म्हणाली. तांड्यानं गूळ खाल्ला आणि मोहनसिंग त्या दिवसापासून साहेब झाला.

तिकडं तो अजून शिकणारा पोरगा होता. पगार नव्हता, उलट वरखर्चाला आमचे हेच इकडून पैसे धाडायचे. तांड्यात कुणी विचारलं साहेबाला पगार किती, तर याडी सांगायची, सरकार ते सांगू देत नाही. लग्नातलं पहिलं गाणं नाईकाच्या घरच्या बाईनं उचलायचं असतं. त्या वर्षीपासून नाईकाच्या बायकोनं तो मान आपणहून याडीला दिला. याडीचा आवाज खणखणीत. ती गायला लागली की वरातीतले म्हातारेही गप व्हायचे. मी सेवालाल महाराजांना नवस बोलले होते, दीर वर्दीत घरी आला की भोग लावीन.

मग १९९५ साली त्याचा फोन आला, आमच्या शेजारच्या किराणा दुकानात. पवण्याच्या परीक्षेत तो पुन्हा नापास झाला होता. आमच्या तांड्याला नदी नाही, उन्हाळ्यात प्यायचं पाणीच टँकरनं येतं, पवायला शिकणार कुठं? त्याला सहा महिने मागच्या तुकडीत टाकलं. आम्ही दोघं तांड्यावर गेलो आणि ह्यांनी याडीला सांगितलं. ती चुलीतली लाकडं पुढं सारत म्हणाली, कुणाला बोलू नका.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तांडाभर सांगितलं की मोहन लई हुशार निघाला, म्हणून साहेबांनी त्याला जास्तीचं शिकायला ठेवून घेतलं. मी तिथंच होते, पण सासूसमोर काय बोलणार? मी देव्हाऱ्यापुढं बसून महाराजांचीच माफी मागितली.

तांड्यावर आमच्या घरासमोर सुमनबाईचं घर. तिचा दिपक मोहनसिंगपेक्षा वयानं मोठा. परभणीला कॉलेज पुरं करून तो १९९६ साली मद्रासला ऑफिसरच्याच ट्रेनिंगला गेला. तिथला कोर्स लहान, वर्षाच्या आतच तो लेफ्टनंट होऊन आला. सुमनबाई कधी भांडली नाही, पण तिच्या जिभेला धार. दिवाळीत मी तांड्यावर गेले, तेव्हा हापशावर हंडे घेऊन बसलो असताना म्हणाली, "आमच्या दिपकला कमी शिकवून सोडलं म्हणायचं. तुमच्यावानी हुशार न्हाई ना तो, याडी." बाया हसल्या. याडीही हसली, पण हंडा न भरताच घरी गेली.

मोहनसिंग १९९७ च्या डिसेंबरात पास होऊन आला. दिपकही तेव्हा सुट्टीवर होता. नाईक मला म्हणाले, तुझा नवस अन् तांड्याचा आनंद, दोन्हींचा मिळून एकच भोग लावू. मी पहाटेपासून कडाव शिजवला, गूळ आणि गव्हाचा. पांढऱ्या झेंड्याखाली विस्तव पेटवला. आमच्यात अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर मानाचा माणूस पहिला घास विस्तवाला देतो. याडी नवी फेटिया, म्हणजे घागरा, नेसून पुढंच बसली होती, आरशांची. पाच वर्षं जपून ठेवलेली.

नाईकांनी वाटी मोहनसिंगकडं केली. याचा गूळ आधी खाल्लाय, पहिला घास याचाच, असं ते म्हणाले. दिपक हात जोडून बाजूला उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मोहनसिंगनं वाटी घेतली नाही.

"नाईक, घास दिपकदादाचा," तो म्हणाला. "तो मला सिनियर हाय."

नाईकांना वाटलं पोरगं वयाचं बोलतंय. म्हणाले, "वयाचं राहू दे. तू त्याच्या आधी गेलास, चार वर्षं शिकलास."

"ती चार वर्षं फौज धरत न्हाई. खांद्यावर तारे लागले तिथून मोजतेत. पगार तिथून, नंबर तिथून, पुढची बढतीबी तिथून. दादाचे तारे सप्टेंबरात लागले, माझे आत्ता."

"पर तुला तर जास्तीचं शिकवलं ना?"

मोहनसिंगनं याडीकडं पाहिलं नाही, झेंड्याकडं पाहिलं. "जास्तीचं कुणी शिकवलं न्हाई. मी पाण्यात नापास झालो. न्हाई तर जूनमधीच लागले असते."

कडावाचा वास दरवळत होता आणि लेकरं प्रसादाची वाट बघून राहिली होती. दिपक हळूच म्हणाला, असू द्या, घरात कसलं सिनियर-ज्युनियर. पण नाईक हट्टी माणूस. त्यांनी विचारलं, "आन् ती चार वर्षं मंग कुठं गेली?"

मोहनसिंगनं वाटी घेतली आणि दिपकच्या हातात दिली. पहिला घास दिपकनं दिला. याडीनं घुंगटो पार हनुवटीपर्यंत ओढला आणि तशीच बसून राहिली. मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला, तो तिनं मुठीत धरला, खाल्ला नाही. माझ्याच हातचा नवस आणि मलाच तिथून उठून जावंसं वाटत होतं.

पोरगं खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं, असं याडी कधी म्हणाली नाही. मोहनसिंगवर रागावलीही नाही. पुढच्या लग्नात पहिलं गाणं उचलायची वेळ आली तशी तिनं सुमनबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसली. सुमनबाईचा आवाज फाटका. तीच ओशाळली, दोनदा म्हणाली, याडी तुमी म्हना. याडीनं नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर तिचा आवाज मी कुठल्या लग्नात ऐकला नाही. दिपक पाच वर्षांची नोकरी पुरी करून पुण्याला कंपनीत लागला, तरी याडी मागेच बसत राहिली.

मोहनसिंगचं बरं चाललं. पण त्याच्याबरोबर खडकवासल्याला गेलेल्यांना प्रत्येक बढती त्याच्या सहा महिने आधी मिळायची, आणि तो ते फोनवर हसून सांगायचा. याडी विचारायची, अजून तेच पाणी आडवं येतंय का रे? मोठ्या हुद्द्याची निवड व्हायची तेव्हा त्याचं नाव कोणत्या तुकडीत धरतील, हे ती ह्यांना पुन्हा पुन्हा विचारायची. तिला वाटायचं गूळ आधी फोडला म्हणून दृष्ट लागली.

२००८ साली आमची निलम निवडली गेली. माझी पोर, याडीची नात, मद्रासला ऑफिसरच्या ट्रेनिंगला. त्याच सुमारास नवा वेतन आयोग आला. ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षाचे पैसे आता पगारातच धरणार, पण नोकरीची तारीख तीच, तारे लागतील तीच, असं छापून आलं होतं. ह्यांनी ते याडीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे पैसे आले. दिवस न्हाईच आले."

मी ढेप आणून ठेवली होती. नाईक आता थकले होते, तरी त्यांनी निरोप धाडला, पोरीचा गूळ कधी खायचा? याडीनं ढेप उचलली आणि कोठीत ठेवून दार लावलं. तारे लागल्यावर बघू, म्हणाली. पोरीला कुणी ओवाळलंही नाही. चोरी करून चालल्यासारखी आम्ही तिघी ह्यांच्या मागं सडकेवर येऊन उभ्या राहिलो. सुमनबाई दारातून बघत होती. तिला हाक मारायचंही मला सुचलं नाही, आणि अजून त्याची लाज वाटते.

एसटी आली. ह्यांनी ट्रंक वर चढवली. याडी न सांगता निलमच्या मागोमाग गाडीत चढली, ओढणीच्या गाठीतून गुळाचा एक खडा काढला आणि पोरीच्या मुठीत दाबला. मी खिडकीखाली उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"कुणाला दाखवू नको. औंढ्याच्या पुढं गेल्यावर खा," याडी म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, "पवायला येतं का गं तुला?"

"येतं की दादी. काकानं शिकवलं. सुट्टीवर आला की सिद्धेश्वरच्या धरणावर न्यायचा. तुला सांगू नको म्हणाला होता."

याडी खाली उतरली. गाडी वळेपर्यंत घुंगटो हनुवटीपर्यंत ओढून तिथंच उभी राहिली.