पट्ट्या लावून पडले की

भाताच्या आवणीत रोपं लावताना वाकून वाकून माझी कंबर गेली. सात वर्षं मलम चोळलं, गोळ्या खाल्ल्या. शेवटी पौडच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मोबाइलएवढं एक मशीन दिलं. कंबरेला दोन पट्ट्या चिकटवायच्या, बटण दाबायचं आणि अर्धा तास पडून राहायचं.

"काय बी होत न्हाई वो मॅडम," पहिल्याच दिवशी मी वैतागले. "चालू तरी हाय का?"

"चालू आहे. करंट इतका बारीक असतो की अंगाला कळत नाही. तुम्ही फक्त हलू नका."

आमच्याकडे ताप असल्याशिवाय बाई दिवसा आडवी होत नाही. मी जरा पाठ टेकली की सासूबाई लगेच विचारायच्या, "काय गं, ताप हाय व्हय?" मग मी उठायचेच. पण वायरी दिसू लागल्या आणि सासूबाईच शेजारणीला उंबऱ्यावरून परत धाडू लागल्या, "तिला करंट लावलाय, हाक मारू नका." नवरा आपला चहा आपण करून घेऊ लागला.

महिन्याभरात दुखणं निम्म्यावर आलं. करंटनं की पडण्यानं, कुणास ठाऊक.

पुढं मशीन बंद पडलं, चार्जच होईना. मी घरात कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी पट्ट्या लावत राहिले.

परवा सासूबाई जवळ येऊन बसल्या. "मला बी लाव की गं आज."

मी लावल्या. त्यांनी मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "दार वढून घे."