चंद्रावरची चेष्टा

माणसानं चंद्रावर टाकलेलं पहिलं पाऊल सगळ्यात महागात पडलं ते आमच्या काकाला.

काका रेल्वेच्या कचेरीत कारकून. कचेरीत वेळेवर पोचणं त्याला जन्मात जमलं नाही, पण अंतराळात कोण केव्हा पोचलं हे तोंडपाठ. आधी कुत्री गेली, मग माणूस, मग बाई, मग एकजण यानाबाहेर येऊन लोंबकळला, हा क्रम तो मानिक चौकातल्या आमच्या गल्लीत ज्याला त्याला ऐकवायचा. स्वतः शिडीवर चढायचं म्हटलं की मात्र त्याला घाम फुटायचा.

त्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. आम्ही पिढ्यान् पिढ्या झाशीचे. आमच्या मराठीत हिंदी कधी येऊन बसली ते आम्हालाही कळलं नव्हतं. काकू साताऱ्याकडची, अस्सल. हिंदीच्या नावानं आनंद, पण बाई जिद्दीची. आल्या आल्या ती दिसेल त्याच्याशी हिंदीत बोलायला लागली. एकदा दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध आणलं, तेव्हा दारात उभी राहून कडाडली, "भैया, हमको बहुत राग आता है!"

हिंदीत राग गातात. आपल्यासारखा तो नाकावर नसतो. दूधवाल्यानं हात जोडले. म्हणाला, "तौ सुनाओ न, बाई जी!"

ही गोष्ट काकानं संध्याकाळपर्यंत गल्लीभर केली, दुसऱ्या दिवशी कचेरीभर. मग काय, भाजीवालासुद्धा विचारायचा, "आज कौन-सा राग, भाभी जी?" काकू हिंदी बोलायची बंद झाली. मग घराबाहेर पडायची बंद झाली. मला तिची फार दया यायची, आणि काकाचा असा संताप यायचा की त्या कुत्रीच्या जागी त्यालाच वर पाठवायला हवं होतं.

आषाढात काकू माझ्या आईला म्हणाली, "पंचमीला भाऊ न्यायला येईल. मी जाते ती जातेच, वहिनी. परत नाही यायची." मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. आईनं तिची समजूत घालून पाहिली, पण ती हटली नाही.

आणि त्याच आषाढात माणूस चंद्रावर पोचला. काकानं सकाळीच रेडिओ ओट्यावर आणून ठेवला. सगळी गल्ली जमली. काका असा बसला होता की यान त्यानंच हाकून नेलंय. रेडिओ खरखरला आणि बातमी देणारा हिंदीत सांगू लागला. चंद्रावर उतरण्याची माणसाची 'चेष्टा' सफल झाली, असं काहीतरी तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

दाराआडून काकूचा आवाज आला. इतक्या महिन्यांत चारचौघांत पहिल्यांदाच.

"चेष्टा? म्हणजे हे सगळं खोटंच की!"

काकाला आयतंच सापडलं. त्यानं गल्लीला हिंदीतून समजावलं, की आमच्या मराठीत चेष्टा म्हणजे मज़ाक, आणि आमच्या मंडळींना वाटलं रेडिओ मज़ाक करतोय. लोक पोट धरून हसले. चंद्रावरचा माणूस राहिला बाजूलाच.

मला वाटलं, काकू आता आत जाऊन रडेल. ती बाहेर आली.

"हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न?" तिनं काकाला विचारलं.

"हो."

"मग इतके महिने मी करत होते ती हिंदीतली चेष्टा. आणि तुम्ही करत होतात ती मराठीतली."

आमच्या घरच्यांना लगेच कळलं. शेजारच्या चाचीला काही कळेना. "का कै रईं दुलहिन? बताओ न, भैया!" एवढा वेळ सगळ्याचं भाषांतर करणारा काका रेडिओचं बटण पिळत बसला. शेवटी आईनं सांगितलं. चाचीनं काकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अब हँसो, भैया."

पंचमीला भाऊ आला, काकू गेली. चंद्रावरचे फोटो पेपरात आले, ते काकानं उलगडूनसुद्धा पाहिले नाहीत. कचेरीत तो वेळेवर जायला लागला, इतकी त्याची दशा झाली. गौरी आल्या तेव्हा रेल्वेचा पास काढून, पडेल चेहऱ्यानं, तो सासुरवाडीला निघाला.

तिथं काय झालं ते त्यानंच पुढे आम्हाला सांगितलं. पुरणपोळीची पंगत बसली होती. मेहुणे आग्रहावर आग्रह करत होते. काका काकुळतीला येऊन म्हणाला, "नको हो, पोटात आता जागा खाली नाही."

"खाली नाही? मग वर असेल की!" धाकटा मेहुणा म्हणाला आणि सगळी पंगत खो खो हसली. म्हातारे सासरेसुद्धा. काकाचे कान लाल झाले. कुठं पाहावं ते त्याला कळेना.

काकू तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती तेवढी हसली नाही.

"हसू नका रे," ती भावांना म्हणाली. "चेष्टा करतायत ते."

भाऊ आणखीच हसले. काकानं मान खाली घातली आणि पोळीसाठी ताट पुढं केलं.