पावलातली नाडी

युसूफभाईंनी मुलाची वळकटी बांधूनच आणली होती. ओपीडीतून त्याला थेट मुदखेडला न्यायचं ठरलं होतं. त्यांचं गाद्या भरायचं काम. थोरल्या दोघांनी शाळा सोडून कापूस पिंजायला घेतला, तेव्हा कुठं धाकटा सलीम बारावी आणि मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आला. आणि सतराव्या वर्षी त्याला बीपी निघालं. दोन गोळ्या चालू असूनही वरचं एकशेऐंशीच्या पुढं.

"म्याडम, याला शिकणं सोसंना गेलंय," ते म्हणाले. "कमजोर हाय पोरगं."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडं कुणाचं बीपी वाढलं की लोक म्हणायचे, धास्ती घेतली. क्लासेस वाढले तसं म्हणू लागले, क्लासचं टेन्शन. सलीमच्या आधीच्या कागदांवरही तेच होतं. मी बिलोलीच्या मजुराची लेक. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी अभिमानानं सांगते. वळकटी एकदा घरी गेली की परत येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मोठ्या वयात बीपी वाढतं, तेव्हा बहुतेकदा एक असं कारण सापडत नाही. इतक्या कोवळ्या वयात मात्र ते शोधावंच लागतं. किडनी, तिला रक्त नेणारी धमनी, तिच्यावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी, थायरॉईड. दुखणं असं दुसरीकडंच असलं आणि बीपी ही त्याची नुसती खूण असली, की त्याला सेकंडरी हायपरटेन्शन म्हणतात. सलीमची लघवी, रक्त, सोनोग्राफी सगळं नॉर्मल होतं.

"टेन्शन न्हाई मला," तो म्हणाला. "जिना चढलो की पोटऱ्या भरून यायल्यात, एवढंच."

मी बूट काढायला लावले. पावलाची नाडी बघायला हात पुढं केला, तर त्यानं पाय पोटाशी ओढले. युसूफभाईही उठून उभे राहिले. आईच्या वयाच्या बाईनं पोराच्या पायाला हात लावायचा, हे दोघांनाही सहन होईना. आधीच्या एका डॉक्टरांनाही त्यानं असंच अडवलं होतं. गर्दीत ते राहूनच गेलं.

"पाय दे इकडं," मी म्हटलं. "माझं कामच हाय ते."

मनगटात नाडी दणदणत होती. पावलात काहीच नाही. जांघेत होती, पण क्षीण, आणि मनगटातल्या ठोक्यानंतर जराशानं येणारी. मांडीला पट्टा बांधून बीपी घेतलं. ते दंडाच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्त असायला हवं. ते कितीतरी खाली निघालं.

छातीचा एक्स-रे काढून लावला. बरगड्यांच्या खालच्या कडेला बारीक खाचा होत्या. पुस्तकात वाचलं होतं, बघत पहिल्यांदाच होते.

हृदयातून निघणारी मोठी धमनी म्हणजे एओर्टा. हातांकडं जाणारे फाटे फुटल्यावर पुढं ती सलीमला जन्मापासून चिमटलेली होती. म्हणून वर दाब, खाली टंचाई. मग त्याच्या शरीरानं बरगड्यांखालच्या बारीक धमन्यांतून आडवाटा काढल्या. त्या धमन्या फुगत गेल्या आणि ठोक्याठोक्यानं हाड झिजवत गेल्या. तो शाळेत असताना, खेळताना, झोपेत. कुणाला पत्ताही नव्हता.

युसूफभाईंना हे शब्दांत कसं सांगायचं कळेना. मी त्यांचा तळहात सलीमच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाशी ठेवला. तिथं ठोके लागत होते.

ते बराच वेळ हात काढेनात. मग हळू आवाजात म्हणाले, "इथं बी काळीज हाय का?"

"न्हाई. पायाला रक्त पोचवायला रस्ता केलाय त्यानं."

"आन् मी याला कमजोर म्हणून राहिलो."

वळकटी त्यांनी होस्टेलवर नेऊन सोडली. हैदराबादला ऑपरेशन झालं. महिन्याभरानं सलीम आला तो दारातच बूट काढून, आणि टेबलावर पाय लांब करून पडला. मनगट आणि जांघ, दोन्हीकडं ठोका एकाच वेळी येत होता. पावलातही नाडी लागली. मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बोटं तिथं ठेवली. बीपी एका छोट्या गोळीवर आलं.

तेव्हापासून माझ्याकडं तरुण बीपीवाला आला की आधी बूट-मोजे बाहेर, टेन्शनचं नंतर.

मेडिकलला सलीमचा नंबर लागला नाही. बीएस्सी ॲग्री केलं. त्यांच्या घरातला तो पहिला ग्रॅज्युएट.