सरांच्या गोळ्या

या माणसाचा मला संताप येतो, आणि अमरावतीच्या मैदानावर रोज सकाळी फिरताना तोच आधी दिसतो. सगळे त्याला 'सर' म्हणतात. शेतीत राम उरला नाही म्हणून पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या खेड्यातल्या पोरांना तो तयार करतो. बोलण्याआधी पोराची पोटरी दाबून बघतो, बाजारात बैल पारखावा तशी. मग मान हलवून खिशातून विकायला रॉयल जेलीच्या, म्हणजे मधमाश्यांपासून मिळणाऱ्या खुराकाच्या, गोळ्यांची डबी काढतो.

"मधमाशी दिवसभर उडून राहिली, थकते का बाप्पा? मंग तू काहून थकून राहिला? घे, मांड्या लोखंडाच्या होतीन."

वलगावकडचा एक पोरगा घरच्या म्हशीचं दूध विकून या गोळ्या घेतो. परवा त्यानं गोळ्यांच्या पैशांऐवजी दुधाची कॅनच सरांपुढे उतरवली. सरांची मुलगीही भरतीसाठीच पळते. सरांनी त्याच दुधाचा पेला भरून तिच्या हातात दिला.

ती म्हणाली, "बाबा, मले पण गोळी द्या ना."

"चूप! दूध पी."

माझं डोकंच फिरलं. "काहो सर, तिले काहून नाही देत गोळी?"

त्या पोराच्या देखत सर शांतपणे म्हणाले, "अहो, माही पोरगी हाये ती."