अण्णांचा दुबईचा फोन

“देवगडवाल्याचा आवाज स्वच्छ येतो, तुमचा तुटतो,” असं दुबईच्या व्यापाऱ्याने तोंडावर सांगितलं, तेव्हा अण्णांनी मला बोलावून घेतलं. रत्नागिरीच्या बागायतदाराला याहून झोंबणारं वाक्य नाही. शिवाय हाच व्यापारी अण्णांचा निम्मा हापूस उचलतो. तो गेला असता तर ऐन मे महिन्यात पॅकिंगची शेड रिकामी पडली असती.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी ऑफिसांना इंटरनेटवरचे फोन बसवून देते. अण्णांकडेही मीच बसवले होते. त्यामुळे शिव्या खायला मीच हक्काची.

“ताई, सगळ्यात मोठा प्लॅन घेतलाय. अजून काय करू?”

प्लॅन मोठा होता, पण डाउनलोडला. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या डेटाला. आपला आवाज जातो अपलोडमधून, आणि तिथे त्यांच्या ब्रॉडबँडची वाट अरुंद होती. आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो. उशिरा पोचलेला तुकडा फोन सरळ टाकून देतो.

पण एप्रिलपर्यंत हेच फोन नीट चालत होते. मी टेस्ट घेतल्या. सोमवार ते शुक्रवार आवाज तुटायचा, शनिवार-रविवार ठणठणीत. आंब्याला कुठली आलीय सुट्टी? मी शेडमागच्या घरात गेले. पडवीत, माडीवर, खळ्यातल्या फणसाखाली मे महिन्यासाठी गावी आलेले मुंबईचे पुतणे-भाचे लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये बसले होते. सगळे अण्णांच्या वायफायवर, आणि सगळ्यांचे चेहरे त्याच अरुंद वाटेने बाहेर जात होते.

“पासवर्ड बदला,” मी अण्णांना म्हटलं.

“आणि घरच्या माणसांना काय सांगू? नाय जमायचा मला ता.”

अण्णांच्या बायको, काकू, तिथेच फणसाचे गरे काढत होत्या. म्हणाल्या, “नेट हाय म्हणून महिनाभर राहतायत ओ. नायतर चार दिवसांत पळतात.”

माझा मुलगा बंगळूरला असतो. मला काकूंचा हेवा वाटला, आणि पासवर्डाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

उरला मार्ग एकच. ब्रॉडबँड पोरांना, आणि फोनसाठी वेगळी लीज्ड लाईन. ही लाईन फक्त आपली असते, कुणाशी वाटून घ्यावी लागत नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखाच स्पीड कबूल केलेला असतो. महाग पडते, स्पीडचा आकडाही लहान दिसतो.

“लहान आकड्याला जास्त पैसे?” अण्णा म्हणाले. मग हळूच विचारलं, “हिचा पासवर्ड काय?”

“हिला वायफायच नाही. वायर थेट फोनला.”

“म्हंजे कोणी मागितला तरी द्यायला नायच?”

“नाहीच.”

अण्णांनी लगेच होकार दिला.

लाईन यायला आठवडा गेला. तोवर अण्णा मोबाईल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, रेंज मिळेल तिथे, उन्हात उभे राहून दुबईशी बोलत होते.

नव्या लाईनवरचा पहिला फोन माझ्यासमोर झाला. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा. त्या स्वच्छ आवाजात व्यापाऱ्याने मागच्या पेट्यांमध्ये साका निघाल्याचं सांगितलं. साका म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या आंब्याच्या आतला पांढरट, फोफसा भाग. ही तक्रार तो महिनाभर करत होता. अण्णा दर वेळी “हॅलो, हॅलो, आवाज येत नाही” म्हणून फोन ठेवत होते.

या वेळी पूर्ण ऐकावं लागलं. पेट्या बदलून द्यायचं ठरलं. व्यापारी टिकला.

लाईन चांगली असली की समोरच्याचंही ऐकू येतं. आता मी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते.