खाली तोंड केलेला बाण

सकाळी चहा गाळताना फोन वाजला. पडद्यावर नुसता एक बाण, खाली तोंड केलेला. मी गाळणं तसंच ठेवून खुर्चीत टेकले. आठ दिवसांनी अक्काचा ताप उतरला होता.

अक्का माझी थोरली बहीण, मिरजेला एकटी राहते. तब्येत विचारली की तिचं ठरलेलं उत्तर, "बरी आहे." आम्ही बायका अशाच. आईने अंथरुणातून लिहिलेलं पत्रसुद्धा 'इकडील सर्व ठीक' असंच सुरू व्हायचं. म्हणून यावेळी मी अक्काला बजावलं, "शब्द नकोत तुझे. रक्ताच्या रिपोर्टवर असतो ना, तसा बाण टाक रोज. ताप असला तर वर, उतरला तर खाली."

"या वयात बाण सोडायला लाव मला," ती म्हणाली, पण फोनमध्ये शोधून काढलाच तिने. आठ दिवस वरचे बाण बघून जीव टांगणीला लागला होता, तरी खरं काय ते कळत होतं. शब्दांना समोरच्याला सांभाळून घ्यायची सवय असते. एवढ्याशा बाणाला ती कुठली असायला?

तेवढ्यात तिचा दुसरा निरोप आला, "तुझा गुडघा कसा आहे?"

सवयीने मी 'बरा आहे' लिहिलं. मग पुसून टाकलं आणि वरचा बाण पाठवला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"तरीच," अक्काने लिहिलं, "दिवाळीपासून बरा आहे म्हणतेस."