वऱ्हाडाच्या पिकअपला लागलेली थंडी

जानेवारीतल्या एका पहाटे सुरतेच्या नवागाममध्ये माझ्या मामेभावाच्या वऱ्हाडाची डिझेल पिकअप चालू झाली नाही. नंदुरबारला मुहूर्त सकाळचाच होता.

काल सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात गार इंजिनाच्या पांढऱ्या धुराचा वास आला आणि ती पहाट आठवली. चावी दिली की सेल फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "इंजिनाचा हीटर गेला." मामा म्हणाले, "डिझेल गोठलं." सुरतेत डिझेल गोठण्याइतकी थंडी पडत नाही, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. नवरदेव एका हाताने फेटा सांभाळत गाडीला धक्का मारत होता. नवरीकडचा फोन आला.

"निघालो ना! हे काय, नवापूर आलं," मामांनी नवागाममधूनच सांगितलं.

शेवटी ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. इंजिनावर गोधडी पसरलेली होती आणि तिचं एक टोक हवेच्या नळीच्या तोंडात ओढलं गेलं होतं.

"रातले थंडी व्हती," मामी म्हणाली. "गाडीले पांघरी दिन्ही."

गोधडी काढताच इंजिन चालू झालं. आम्ही मुहूर्ताआधी पोचलो. रात्रभर ऊब मिळाली म्हणूनच गाडी चालू झाली, असं मामीने मांडवात सगळ्यांना सांगितलं.